वाराचं पान

कर्वेनगर, पुणे
२४ मार्च २०२६

द्वारकाताई,

नमस्कार. फोन करणार होते, पण आपल्या दोघींचं फोनवर काय होतं ते साखरपुड्यापासून दोन्ही घरांना पाठ आहे. पत्रात समोरच्याला मध्येच तोडता येत नाही, एवढा एक फायदा. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की तुमच्या जावयाची साखर वाढली आहे. गंधारच्या कंपनीत दरवर्षी तपासणी करतात, त्यात निघालं. डॉक्टर म्हणतात तो अजून सीमेवर आहे, पलीकडे गेलेला नाही. त्यांनी तीन महिने दिलेत. खाणं आणि व्यायाम सांभाळून तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा खाली आला तर ठीक, नाहीतर गोळी सुरू. चौतिसाव्या वर्षी सुरू झालेली गोळी पुढे कुठवर जाते, ते मला कुणी सांगायला नको. ह्यांचं सगळं मीच केलं आहे.

अपूर्वानं तुम्हाला यातलं काही सांगितलं नसेल, तुम्ही काळजी कराल म्हणून. मी सांगते आहे, कारण तुम्ही काळजी केलीत तरी मला चालेल, पण अनारसे नकोत. मे महिन्यात अधिक मास लागतो आहे. लग्नानंतरचा पहिलाच. तुम्ही रिवाजाप्रमाणे जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण पाठवणार, आणि तुमचे अनारसे चांगले होतात, हीच अडचण आहे. यंदा तेवढं राहू द्या.

बाकी सलोनी मजेत आहे. दीड वर्षाच्या मानानं फार बोलते. तुमच्याकडचा गुण असावा.

उल्का मेहेंदळे


वर्धा
२ एप्रिल २०२६

उल्काताई,

तुमचं पत्र वाचलं, ह्यांना वाचून दाखवलं, मग देवापुढं ठेवलं आणि पुन्हा वाचलं. चौतीस वर्षांच्या पोराला कुठं साखर होते जी? आमच्याकडं सत्तरीचे म्हातारे वाटीभर बासुंदी पिऊन शेतावर जाऊन राहिले. गंधार मला जावई नाही, लेकच आहे. दोन दिवस मला घास गेला नाही. (ह्यांना गेला. ह्यांना काहीही झालं तरी जातो.)

आता दुसरं. राग मानू नका, पण अनारशांचं वाचून मला वाईट वाटलं. पुण्यात गोड बोलायची पद्धत नाही हे लग्नातच कळलं होतं, गोड खायचीही नाही हे ठाऊक नव्हतं. अहो, पहिला धोंडा आहे माझ्या जावयाचा! अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू. विष्णूला काय पाठवू मी, काकड्या? आमच्या आळीतल्या चार बायका विचारून राहिल्या, अनारसे कधी टाकता म्हणून. त्यांना काय सांगू, विहीणबाईंनी नको म्हणून कळवलं?

आणि परवा व्हिडिओवर अपूर्वा दिसली. गालफडं बसली आहेत पोरीची. गंधारच्या पथ्यात तुम्ही तिलाही मोडाच्या मुगावर ठेवलं का? तिला साखर नाही. तिला लेकरू आहे. खरं खरं कळवा. मी आई आहे, मला झोप लागत नाही.

तुमची
द्वारका पांढरीपांडे


कर्वेनगर, पुणे
११ एप्रिल २०२६

द्वारकाताई,

चारपानी पत्र मिळालं. मुद्द्यांची उत्तरं देते.

अपूर्वा वाळलेली नाही. ती सकाळी कॉलेजात शिकवते आणि संध्याकाळी सलोनीच्या मागे पळते. बाळंतपणात चढलेलं उतरायलाच हवं होतं, उतरलं. ती पोळी, भाजी, वरण, भात सगळं जेवते. मूग चारायला ती काही पोपट नाही.

पथ्य एकट्या गंधारचं आहे. पहिल्यांदा तो एका आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आला. त्यांनी जे जे खायला सांगितलं, त्यातला एकही जिन्नस मंडईत कुणी ओळखला नसता. कुठल्या बिया, कुठलं तेल, एक परदेशी हिरवं फळ, त्याच्या एका नगात आमची दोन दिवसांची भाजी येते. वर जिमची वर्षाची फी. मी म्हटलं, बाळा, फ्लॅटचे हप्ते तुझे तूच फेडतो आहेस ना? मग हे चोचले कोण फेडणार? ज्वारी आहे, पालेभाज्या आहेत, कडधान्य आहे, ताक आहे. आणि टेकडी फुकट आहे. ती फी मागत नाही आणि दिवाळीनंतर बंदही पडत नाही. आता रोज सकाळी टेकडी चढून येतो.

संध्याकाळी त्याचं पान मी स्वतः वाढते. एक भाकरी, पालेभाजी, उसळ, काकडी, ताक. भात नाही, साखर नाही. बाकीच्यांचं नेहमीचं. म्हणजे रोज दोन स्वयंपाक. मी कुरकुर करत नाही. ह्यांना बावीस वर्षं मधुमेह आहे, पथ्य कधी पाळलं नाही. रोज सकाळी ह्यांच्या पोटावर सुई मी टोचते. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या पायाचा अंगठा काढला, तेव्हा दवाखान्यात मी एकटी बसले होते. ते सगळं केलं. पण मुलाच्या अंगावर सुई धरायची वेळ आली तर माझा हात उचलणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. म्हणून अनारसे नकोत. तुमच्या आळीतल्या बायकांना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

तुमची पोर आमच्याकडे राबते असं वाटत असेल, तर हेही ऐका. सलोनी झाल्यापासून जेवणानंतर अपूर्वा तिला झोपवायला जाते आणि स्वयंपाकघर गंधार आवरतो. उरलंसुरलं काढणं, ओटा पुसणं, भांडी विसळून ठेवणं, सगळं. न सांगता. मी तर हात धुतले की तिकडे पाऊलही टाकत नाही. पूर्वी सासूबाई आवरायच्या, मग बाई होती, आता मुलगा. मला रांधायला सांगा, आवरायला नको.

आणि घर मी टुकीनं चालवते. कणीक मात्र एक माणूस जास्तीचं धरून मळते, ती जुनी खोड आहे. आम्ही कसबा पेठेत होतो तेव्हा सासूबाईंकडे वार लावून जेवणारा एक विद्यार्थी होता. बाहेरगावचा, गरीब, आठवड्यातले चार वार आमच्याकडे जेवायचा. तो शिकला, नोकरीला लागला, आम्ही कसबा सोडला, सासूबाई गेल्या. पण त्याचं पीठ माझ्या हातात बसलं आहे ते बसलंच आहे. तरी सांगते, आमच्याकडे शिळं उरत नाही. सकाळी डबे रिकामे आणि ओटा लख्ख. वर्ध्यात असतं का असं?

उल्का


वर्धा
२० एप्रिल २०२६

उल्काताई,

सुईचं आणि अंगठ्याचं वाचलं. अंगठा काढला हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं हो. व्याही लग्नात बूट घालून हिंडत होते, मला वाटलं पुण्याची फॅशन. तुम्ही एकट्या बसल्या होत्या दवाखान्यात. मला आधी ओळखत असत्या तर मी आली असती.

आता माझं ऐका, मी तोड काढली आहे. आमच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, वाण द्यायचं असतं, जावयानं सगळंच खाल्लं पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. तर तेहेतीस अनारसे मी करणार, हे डबा घेऊन पुण्याला येणार, दिवा लावून वाण देणार. गंधारनं देवाचं नाव घेऊन एक खायचा. बाकीचे तुमच्या सोसायटीत, अपूर्वाच्या कॉलेजात, टेकडीवरच्या मंडळींत वाटून टाकायचे. तुमचं पथ्य राहील, माझं नाक राहील.

हो म्हणा. नाही म्हटलं तरी तांदूळ भिजत घालीनच.

द्वारका


कर्वेनगर, पुणे
२८ जून २०२६

द्वारकाताई,

हे पत्र मी रागात लिहिते आहे आणि ते तुम्हाला कळावं अशी माझी इच्छा आहे.

काल तीन महिन्यांची तपासणी झाली. आकडा जिथे होता तिथेच आहे. उलट केसभर वरच. माझा विश्वास बसेना, मी दोनदा चष्मा पुसला. तीन महिने रोज टेकडी, रोज भाकरी, भाताचा कण नाही, ऑफिसात चहा बिनसाखरेचा. डॉक्टर गोळी लिहायलाच निघाले होते. गंधार म्हणाला, सर, अजून एक चान्स द्या. त्यांनी ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली, पण असं पाहिलं माझ्याकडे, की जणू मी मुलाला पाकात बुडवून ठेवते आहे.

मी सगळा विचार केला. माझ्या स्वयंपाकात खोट नाही. तीन महिन्यांत या घरात बाहेरून गोड आलं ते एकदाच. तुमचे अनारसे, व्याही अधिकात घेऊन आले ते. एक खायचा, बाकीचे वाटायचे. वाटायचं काम अपूर्वाकडे होतं, आणि अपूर्वा मुलगी तुमची. माहेरचा खाऊ नवऱ्याला एकच कशी देईल? मी विचारलं तर म्हणते, 'आई, खरंच वाटले हो सगळे.' मला पटलेलं नाही. नाक राहिलं ना तुमचं? आता मुलाचं काय राहतं ते बघायचं.

स्पष्ट लिहिलं आहे. मला दुसरं जमत नाही.

उल्का


वर्धा
६ जुलै २०२६

उल्काताई,

तुमचं पत्र वाचून मी रडली. मग चिडली. मग चहा केला आणि विचार करायला बसली. आता लिहून राहिली.

अनारशांचा जमाखर्च आधी घ्या. तेहेतीस मी डब्यात भरले हे खरं. त्यातले चार ह्यांनी गाडीतच संपवले. परवा मी शपथ घातली तेव्हा कबूल झाले. म्हणजे विष्णूला वाण एकोणतीसचंच गेलं, त्याचं पाप ह्यांच्या डोक्यावर. तुमच्याकडं आल्यावर ह्यांनी आणखी दोन खाल्ले, तुम्ही आग्रह करून वाढले होते, आठवतं का? गंधारला एक. उरले ते अपूर्वानं वाटले, तुमच्या शेजारच्या दीपालीताईंनी मला फोन करून कृती विचारली. माझी पोर तुमच्यापाशी खोटं बोलली नाही. ती माझ्यापाशी बोलते, पण तुमच्यापाशी नाही.

आणि महिन्या-दीड महिन्यापूर्वीच्या एका अनारशानं तीन महिन्यांची सरासरी हलत नाही, हे तुम्हालाही कळतं. तुम्ही तर बावीस वर्षं हे आकडे बघून राहिल्या. घाबरल्या म्हणून तुम्ही मला बोलल्या. मी पण घाबरली आहे. माझ्या पोरीचा संसार आहे तो.

आता मी विचारते. गंधारचं पान तुम्ही वाढता, त्यात खोट नाही, मान्य. पण माणूस पानातच जेवतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?

मला तुम्ही पाहिलं आहे. लग्नात माझ्या निऱ्यांना पैठणी पुरत नव्हती. आणि मी जेवते किती? विचारा कुणालाही, चिमणीएवढी. दीड पोळी, चमचाभर भात. मग ही काया आली कुठून? ओट्यावरून आली, उल्काताई. चाळीस वर्षं मी माझं स्वयंपाकघर आवरून राहिली. अर्धी पोळी उरली, ती कोण ठेवणार? तोंडात. वरणाचा तळ, त्याला वाटी कशाला भरवायची? तोंडात. दोन घास भात, उद्या कोण खाणार? लेकराच्या वाटीतला शिरा, त्यावर तर साजूक तूप. सगळं उभ्या उभ्या. आणि उभ्यानं खाल्लेलं आपण जेवण धरत नाही. देवासमोर उभं केलं तरी सांगू, मी काही खाल्लं नाही म्हणून. मागचं आवरणारं माणूस जाड का होतं, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. तुम्हाला नाही, कारण तुम्ही कधी आवरलंच नाही.

तुम्हीच लिहिलं होतं, उरलंसुरलं गंधार काढतो. तुम्हीच लिहिलं, कणीक एका माणसाची जास्त मळता, आणि तरी सकाळी डबे रिकामे. तुमच्या दारात गाय नाही, घरात मांजर नाही. मग ते जातं कुठं? तुम्हाला वाटतं वाराचा मुलगा जेवून गेला तो गेला. मला वाटतं तो अजून रोज जेवून राहिला. आधी तुमच्या हातची भाकरी खातो, आणि मग ओट्यापाशी उभा राहून वाराचं पान संपवतो.

मी चुकत असेन तर मला दोन शिव्या जास्त द्या. पण एकदा बघा. आणि मी बरोबर असेन तर एक करा: उद्याचे डबे आधी भरा, मग पानं वाढा. आणि रांधायचंच तर सगळ्यांना एकच रांधा. दोन स्वयंपाक केले की उरतंही दोन तऱ्हांचं.

द्वारका


कर्वेनगर, पुणे
९ ऑगस्ट २०२६

द्वारकाताई,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण तुमचा राग आला होता. नंतर बघितलं, तेव्हा माझाच आला. त्यातून बाहेर यायला वेळ लागला.

पत्र आलं त्याच संध्याकाळी मी पाण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. गंधार ओट्यापाशी उभा होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पोळीची गुंडाळी, आमटीच्या पातेल्यात बुडवलेली. मला बघून दचकला नाही. चोरून खाणारा दचकतो. हा म्हणाला, 'आई, काही हवंय का?' आणि पुढचा घास घेतला.

मी म्हटलं, हे काय चाललं आहे?

'काय म्हणजे? आवरतोय.'

'आणि तोंडात काय आहे?'

तेव्हा कुठे त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, 'अगं, हे काउंट नाही होत. वेस्ट जाण्यापेक्षा बरं ना. तूच म्हणतेस.'

मी म्हणते, हे खरं आहे. 'टाकू नका' हे मी या घरात इतक्यांदा म्हटलं आहे, की सलोनीही आता म्हणायला लागली आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची जेवणं झाल्यावर गंधार आत जायच्या आधी मी गेले. जे जे उरलं होतं ते एका ताटात काढलं. तीन पोळ्या, भाताची चांगली मूद, वरण, बटाट्याची भाजी, सलोनीच्या वाटीतला शिरा. ताट टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, हे तुझं दुसरं जेवण. अपूर्वा हसायला लागली. मग तिचं हसू गेलं. गंधारनं ताटातल्या पोळ्या मोजल्या आणि म्हणाला, 'रोज एवढं?' हे कोपऱ्यातून म्हणाले, 'साडेसातला पथ्य आणि साडेआठला पंगत.' ह्यांना असं बोलायला बरं सुचतं.

तर आता नवी घडी. कणकेचं मापटं बदललं. जुनं माळ्यावर टाकलं, लहान आणलं. पहिले आठ दिवस मला हात आखडल्यासारखं वाटायचं, दारात कुणी उपाशी उभं असल्यासारखं. ते गेलं. स्वयंपाक एकच, सगळ्यांना: भाकरी किंवा पोळी, दोन भाज्या, उसळ, ताक, भात मुठीएवढा. ह्यांनी पहिल्या दिवशी भाकरीकडे अशी नजर टाकली, की जणू मी घरावर जप्ती आणली आहे. आता मागून घेतात. जेवायला बसायच्या आधी गंधार आणि अपूर्वाचे दुसऱ्या दिवशीचे डबे भरून फ्रिजमध्ये जातात. म्हणजे रांधलेलं एक तर पानात, नाहीतर डब्यात. ओट्यावर राहतं ते फक्त फडकं. गंधारचं कँटीनचं जेवण बंद झालं. तो पैसा वाचला, आणि परदेशी फळाऐवजी त्यातून त्याला टेकडीसाठी धड बूट घेतले. आधीचे घसरत होते, हे तो मला सांगत नव्हता. जेवणानंतर आता तो, अपूर्वा आणि सलोनी सोसायटीला चकरा मारतात. आवरते मी. आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे. परवा अर्धी पोळी माझ्याही तोंडात गेली होती, कळलंसुद्धा नाही.

तुमचं बरोबर होतं. हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही. अनारशांवरून मी अपूर्वाला बोलले ते चूक होतं, हे तिला समोर बसवून सांगितलं आहे. ती म्हणाली, 'जाऊ द्या हो आई.' पोर चांगली आहे. तुमच्याकडून आली तरी.

उल्का


वर्धा
१८ ऑगस्ट २०२६

उल्काताई,

तुमचं पत्र मी आळीत वाचून दाखवणार होती, 'तुमचं बरोबर होतं' एवढाच भाग. ह्यांनी थांबवलं. 

इकडची गंमत सांगते. जुलैत तुम्हाला पत्र टाकलं आणि मीच आवरणं सोडलं आणि ह्यांच्या गळ्यात टाकलं. मोठ्या हौशीनं आवरून राहिले! पंधरा दिवसांत सदऱ्याचं खालचं बटण लागेना. आता आम्ही पण आधी डबा भरतो आणि तो समोरच्या वसतिगृहातल्या पोरीला देतो. भंडाऱ्याची आहे, शिकायला आली आहे, आवडीनं खाते.

हसून लिहिते आहे, पण मनातलं सांगू का? मला ऑक्टोबरची भीती वाटते. पुन्हा आकडा नाही हलला तर? मग आता काय राहिलं करण्यासारखं? ह्यांच्यापाशी बोलली तर म्हणतात, देवावर सोड. देवाला बाकीची कामं नाहीत का? तुम्ही इतक्या खात्रीनं लिहिता, ती खात्री थोडी इकडं पाठवा. आणि निकाल आला की पहिल्याच ओळीत लिहा. कसे आहात, मजेत ना, यात वेळ घालवू नका. मला दम निघत नाही.

द्वारका


कर्वेनगर, पुणे
२७ ऑक्टोबर २०२६

द्वारकाताई,

आकडा उतरला.

नुसता उतरला नाही, सीमेच्या अलीकडे येऊन बसला. गोळी नाही. डॉक्टर म्हणाले, जे करताय तेच करत राहा, सहा महिन्यांनी या. मग विचारलं, नेमकं काय केलंत? गंधार म्हणाला, 'काही नाही सर, किचन आवरणं सोडलं.' डॉक्टरांना वाटलं हा थट्टा करतो आहे. मी खुलासा केला नाही. घरचं घरात.

अपूर्वानं तुम्हाला कालच फोन केला हे मला माहीत आहे. तरी पहिल्या ओळीत लिहायला सांगितलं होतं, लिहिलं. तुम्ही ऑगस्टात खात्री मागितली होती, ती माझ्याकडे तरी कुठे होती? दवाखान्यात कागद हातात येईपर्यंत मी जागची उठले नाही. ह्यांच्या अंगठ्याच्या वेळी बसले होते तसल्याच बाकावर बसले होते. पण या वेळी शेजारी अपूर्वा होती. तिनं माझा हात धरला होता आणि मी तो सोडवून घेतला नाही, एवढं तुमच्या कानावर असू द्या.

आता खरी गोष्ट. साखर उतरली या आनंदात मी काल पुरणपोळ्या केल्या. हसा. मला दुसऱ्या तऱ्हेनं आनंद साजरा करता येत नाही, आणि या वयात शिकणार नाही. पुरण मापानं घातलं, प्रत्येकी एक पोळी धरली, आणि एकच जास्तीची लाटली. ती गंधारसाठी. एवढं पथ्य केलं त्यानं, एक पोळी वर खाल्ली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. सगळे बसले होते. त्याची पहिली संपलेली दिसली आणि मी तव्यावरची दुसरी उलथन्यावर घेऊन थेट त्याच्या पानाकडे गेले.

त्यानं पानावर आडवा हात धरला.

'आई, पोट भरलं.'

द्वारकाताई, चौतीस वर्षांत हे वाक्य मी माझ्या मुलाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वाढलेलं सगळं तो खायचा. मी आयांचं ठेवणीतलं सगळं म्हणून पाहिलं. लहान आहे, अर्धीच घे, माझ्यासाठी घे. तो हसत होता, पण हात काढला नाही. 'आई, मस्त झालीय. पण पोट भरलं.' ह्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली बघून जेवायला लागले.

मला रडू आलं. आनंदाचं म्हणावं तर तेही होतं, आणि आईच्या हातची पोळी मुलानं नको म्हटल्याचं दुःखही होतं. सात महिने मी याच एका शब्दासाठी जिवाचं रान केलं, आणि तो आला तेव्हा मला सोसेना. तुम्ही आई आहात, तुम्हाला हे समजावून सांगावं लागणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

उलथन्यावरची पोळी तशीच हातात होती. मी सहसा सगळ्यांचं झाल्यावर बसते. काल गॅस बंद केला, एक पान घेतलं, ती पोळी माझ्या पानात वाढली, आणि त्याच्या शेजारी बसून गरम असतानाच खाल्ली.

उल्का